शिडाची बोट इंजिनवर साडेचार नॉटच्या पुढे जात नाही, दोष कुठे शोधावा?

उधाणवारा:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे प्रश्न-उत्तरांत वेळ जाणार नाही.

बोट ३२ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची. पाण्याच्या रेषेवरची लांबी २६ फूट, सामान-पाणी-डिझेल धरून वजन साडेपाच टनांच्या आसपास. इंजिन तीन सिलिंडरचं जपानी डिझेल, २७ अश्वशक्ती, कमाल ३६०० आरपीएम. गिअर २.६१ ला १. पंखा (प्रोपेलर) तीन पात्यांचा, न मिटणारा, १६ इंच व्यास आणि ११ इंच पिच (एका फेरीत हिशोबाने पुढे सरकायचं अंतर). पावसाळ्यात वर घेऊन शाकारली होती, सप्टेंबरअखेर पाण्यात उतरवली. तेव्हापासून गेटवेसमोर मुरिंगवर (तळाला कायम बांधलेल्या दोरावर) उभी आहे. दिवाळीनंतर कामामुळे फारशी हलवता आली नाही.

गेल्या मोसमात २८०० आरपीएमला शांत पाण्यात सहा नॉट आरामात मिळायचे. आता लिव्हर पूर्ण पुढे ढकलला तरी काटा २६०० वर अडतो आणि वेग सव्वाचार ते साडेचार. न्यूट्रलमध्ये इंजिन ३८०० पर्यंत बिनतक्रार जातं. तापमान ठीक, तेलाचा दाब ठीक. पूर्ण लोडवर मागून काळपट धूर येतो. डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे टाकले, काही फरक नाही.

मार्चमध्ये जयगडमार्गे गोव्याला जायचं आहे. सकाळचा मतलई वारा पडला की दुपारचा खारा वारा उठेपर्यंत इंजिनवरच चालावं लागतं. साडेचार नॉटने गेलं तर प्रत्येक मुक्कामाला अंधार पडणार. कोकण किनाऱ्यावर रात्री बिनदिव्याच्या जाळ्यांमधून वाट काढायची माझी तयारी नाही. एक मेकॅनिक म्हणतो डिझेलचा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारी नोझल काढून वर्कशॉपला पाठवा. दुसरा म्हणतो इंजिनच लहान आहे, ४० अश्वशक्तीचं बसवा. दोन्ही खर्च मोठे आहेत. काहीही उघडण्याआधी तुमचं मत हवं आहे.

वेंगुर्लेकर:

वेग कशावर पाहता? जीपीएसवर की बुडाखालच्या चक्रीच्या लॉगवर (पाण्यातला वेग मोजणाऱ्या यंत्रावर)? मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं आणि प्रवाह चांगलाच ओढतो. जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो, त्यात प्रवाह मिसळलेला असतो. लॉगच्या चक्रीत एवढीशी शेवाळ अडकली तरी तो कमी दाखवतो. आधी खरा वेग किती ते ठरवा, मग इंजिनाकडे वळू.

सातपाटीकर:

दादा, पंख्याला काहीतरी गुंडाळलंय किंवा बूड भरलंय. ऑक्टोबरपासून मुरिंगवर उभी, हलली नाही, म्हणजे खाली काय झालं असेल ते मला इथूनच दिसतं. आमच्या बोटी रोज चालतात तरी पंख्यावर शिंपल्या धरतात. नायलॉनचा दोर, तुटकी जाळी, प्लास्टिकच्या गोणीचे धागे, सगळं शाफ्टवर बसतं आणि उष्णतेने वितळून घट्ट कडं होतं. पंप-नोझलला हात लावायच्या आधी खाली बघा.

सोलेंटकर:

मी साउदॅम्प्टनजवळ असतो, २८ फुटी बोट आहे. ४० अश्वशक्तीचं इंजिन हे औषध नाही, एवढं तरी ठामपणे सांगतो. जड पोटाची बोट चालताना नाळेपाशी (पुढच्या टोकाला) एक लाट उठवते. वेग वाढतो तशी लाटेची लांबी वाढते आणि एका वेगाला ती बोटीच्या पाण्यातल्या लांबीएवढी होते. त्यापुढे बोटीला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. हा वेग नॉटमध्ये काढायचा तर पाण्यातल्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ घ्यायचं आणि १.३४ ने गुणायचं. तुमच्या २६ फुटांना ६.८ नॉट येतात. सहा नॉटपर्यंत ताकद बेताची लागते, शेवटच्या पाऊण नॉटला मात्र ती भसाभस खर्च होते. साडेपाच टनांना २७ अश्वशक्ती पुरून उरते. आणि हेच इंजिन गेल्या वर्षी सहा नॉट देत होतं, मग ते यंदा लहान कसं झालं?

चीफसाहेब:

मी व्यापारी जहाजांवर इंजिनीअर होतो, आता निवृत्त. यंत्र लहान असो की मोठं, विचार करायची रीत तीच.

वेगाची तक्रार आली की दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. पहिला: गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटलला, इंजिन कारखान्याने दिलेल्या आरपीएमपर्यंत पोचतं का? दुसरा: जे काही आरपीएम मिळतात त्या मानाने बोट जितकी जायला हवी तितकी जाते का? पहिल्याचं उत्तर इंजिन आणि त्यावरचा भार यांच्यातला हिशोब सांगतं. दुसऱ्याचं उत्तर पंखा आणि बूड यांची अवस्था सांगतं. बहुतेक जण हे दोन्ही एकत्र करतात आणि मग नोझलपासून पंख्यापर्यंत सगळं खोलत बसतात.

उधाणवारा, तुमच्या बाबतीत दोन्ही उत्तरं ‘नाही’ आहेत.

आधी दुसरा प्रश्न घेऊ. पंखा पाण्यात स्क्रूसारखा घट्ट रुतून गेला असता तर एका फेरीत ११ इंच पुढे गेला असता. २८०० ला २.६१ ने भागा, शाफ्टचे १०७३ फेरे येतात. त्याला ११ ने आणि ६० ने गुणा, आणि नॉट म्हणजे ताशी सागरी मैल, एका सागरी मैलात ७२,९१३ इंच असतात म्हणून तेवढ्याने भागा. ९.७ नॉट. गेल्या वर्षी प्रत्यक्षात सहा मिळत होते, म्हणजे घसरण ३८ टक्के. शिडाच्या बोटीला असल्या पंख्यावर हा आकडा निरोगी आहे. आता २६०० ला हिशोबाने ९ नॉट हवेत आणि मिळतात ४.४ धरू. घसरण ५१ टक्के. नोझल कितीही खराब असलं तरी घसरण एवढी वाढत नाही. कारण २६०० फेरे म्हणजे २६०० फेरे, ते कुठल्या नोझलने दिले याच्याशी पंख्याला देणंघेणं नाही. हा दोष बोटीच्या बाहेर, पाण्याखाली आहे. गिअरचा क्लच घसरत असेल तरच अपवाद, त्याचं पुढे सांगतो.

आता पहिला प्रश्न. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पंखा इंजिनाला जुळलेला असेल तर ३६०० ला तो २७ अश्वशक्ती खातो आणि २६०० ला साधारण १० च. तुमचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला २६०० वर अडकतंय, म्हणजे एक तर पंखा त्या फेऱ्यांना दुपटीने ताकद खातोय, किंवा इंजिन निम्म्याहून कमी देतंय, किंवा दोन्ही थोडं थोडं. न्यूट्रलमध्ये ३८०० मिळतात यावरून एवढंच कळतं की गव्हर्नर (आरपीएम ताब्यात ठेवणारा भाग) आणि थ्रॉटलची केबल ठीक आहेत. बिनभाराच्या इंजिनाला डिझेल आणि हवा इतकी थोडी लागते की निम्मा अडथळा असला तरी ते पळतं.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण जाळायला हवा पुरत नाही. डिझेल कमी पडत असतं तर इंजिन मरगळलं असतं, आचके दिले असते, पण काळं धुरकटलं नसतं. म्हणून फिल्टर बदलून फरक पडला नाही. नोझलने फवारा नीट न मारता थेंब सोडले तर काळा धूर येऊ शकतो, पण तिन्ही नोझल एकदम एवढी बिघडायला काहीतरी कारण लागतं. ते शेवटी.

तेव्हा आधी मोजमाप करा. आरपीएमचा काटा अल्टरनेटरवरून चालत असेल आणि पट्टा घसरत असेल तर तो खोटं बोलतो. बाजारात हातात धरायचा ऑप्टिकल टॅकोमीटर स्वस्त मिळतो. क्रँकच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवा आणि खरे आरपीएम घ्या. तीच पट्टी शाफ्टच्या कपलिंगवर चिकटवून तिथलेही घ्या. इंजिनचे आकडे भागिले शाफ्टचे आकडे बरोबर २.६१ आले पाहिजेत. जास्त आले तर क्लच घसरतोय, किंवा गिअरची केबल लिव्हर पुरता आत ढकलत नाही.

वेगासाठी भांगाचा दिवस निवडा, प्रवाह कमी असतो. वारा नको. एकाच रेषेत तीन फेऱ्या मारा: जा, या, परत जा. तिन्ही एकाच आरपीएमला, सारख्या अंतराने. पहिला वेग, दुसऱ्याची दुप्पट आणि तिसरा मिळवून चारने भागा. दोन फेऱ्यांची नुसती सरासरी घेतली तर त्या वेळात बदललेला प्रवाह आकड्यात राहतो. या रीतीत तो बराचसा निघून जातो.

शिडाची_दोरी:

चीफसाहेबांचं पटलं. त्यात दोन फुकटातल्या परीक्षा घाला.

पूर्ण थ्रॉटलला २६०० वर असताना कोणालातरी इंजिनवरचं झाकण उघडायला सांगा. (पट्टा, पुली, शाफ्ट फिरत असतात. सैल कपडे, ओढणी, केस सांभाळा.) झाकण उघडताच आरपीएम शंभर-दोनशेने चढले तर इंजिनखोलीत हवा पोचत नाही. लॉकरमध्ये फेंडर (धक्का झेलणारे फुगे), दोर, शिडांच्या पिशव्या कोंबल्या की हवेचं भोक झाकलं जातं. आमच्या बोटीवर तेच निघालं होतं. मुंबईच्या उन्हात इंजिनखोली ४५ अंशांवर सहज जाते आणि ती हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सहा टक्के विरळ असते. इंजिनाच्या हवेच्या तोंडावर स्पंज असेल तर तोही बघा. जुना झाला की भुसभुशीत होऊन आत ओढला जातो.

दुसरी परीक्षा डिझेलची. स्वच्छ कॅनमध्ये पाच-दहा लिटर ताजं डिझेल घ्या, टाकीकडून येणारी नळी काढून फीड पंपाची नळी त्यात सोडा, परतीची नळीही त्यातच. आरपीएम वाढले तर दोष टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी: टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी, टाकीचा श्वास घ्यायचा पाइप, किंवा पावसाळ्यात अर्ध्या टाकीत साचलेलं पाणी आणि त्यावर वाढलेला बुळबुळीत काळा थर. काळ्या धुरामुळे मला इथे दोष वाटत नाही, पण तासाभराचं काम आहे आणि लांब जायच्या आधी टाकीचा संशय कायमचा मिटतो.

उधाणवारा:

सगळ्यांचे आभार. भांगाच्या शनिवारी सकाळी मोजमाप घेतलं.

टॅकोमीटरवर २६२०, म्हणजे काटा खरं बोलतोय. शाफ्टवर १००४. भागाकार २.६१, क्लच ठीक. तीन फेऱ्या ५.९, ३.० आणि ५.७. वेंगुर्लेकर, भांगाच्या दिवशीही प्रवाहाने एवढा फरक पाडला. चीफसाहेबांच्या सूत्राने ४.४. लॉग मात्र ३.६ दाखवत होता, त्याची चक्री काढली तर आत बारीक शिंपल्या.

झाकण उघडल्यावर आरपीएम ३०-४० ने वाढले असतील, नसतील. डिझेलच्या कॅनने काहीच बदल नाही.

वेंगुर्लेकर:

चक्रीत शिंपल्या आहेत म्हणजे पंख्यावर असणारच. सातपाटीकरांचं बरोबर.

सातपाटीकर:

आता पाणबुड्या शोधू नका. उधाणाच्या ओहोटीला धक्क्याच्या भिंतीला लावा, सुकती लागली की बोट बसेल, चार तास मिळतील, सगळं बूड खरवडून होईल. आम्ही खाडीत असंच करतो.

चीफसाहेब:

सातपाटीकर, तुमच्या बोटींचं बूड रुंद आणि लांब, त्या बसतात. या बोटीखाली अरुंद खोल कील (बुडाखालचं वजनदार पातं) आहे, ती एका पात्यावर उभी राहणार. भिंतीकडे नीट कलती ठेवली नाही, किंवा खालचा गाळ एका बाजूने मऊ निघाला, तर आडवी होईल, आणि भरती आल्यावर उठण्याआधी आत पाणी शिरेल. अनुभवी माणूस, टणक तळ आणि डोलकाठीवरून भिंतीला पक्का दोर असेल तरच. नाहीतर पाणबुड्या बरा.

पाणबुड्याला उतरवताना इंजिनची किल्ली त्याच्या हातात द्या, बॅटरीचा मुख्य स्विच बंद ठेवा. मुंबईच्या पाण्यात हाताचा पंजा दिसत नाही, तो सगळं चाचपून करणार. जाड हातमोजे हवेत, शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. प्रवाह थांबलेल्या वेळी उतरवा. अपोलो बंदरच्या कोष्टकात भरतीची वेळ बघा आणि त्याच्या अर्धा तास आधीपासून तयार राहा.

आणि त्याला नीट सांगा: शिंपली उडाली तरी तिची बैठक पात्यावर राहते, खडूसारखी पांढरी गोल चकती. ती राहिली तर काम अर्धंच झालं. पात्याच्या दोन्ही बाजू, कडा, मधला गोळा आणि शाफ्टचा बेअरिंगपाशी दिसणारा तुकडा, सगळं धातू लागेपर्यंत खरवडायचं. झिंक (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) शिल्लक आहे का तेही हाताने बघायला सांगा. कडांना खाच पडेल अशी छिन्नी मारू देऊ नका.

सोलेंटकर:

इकडच्या थंड पाण्यातही मोसमात एकदा तरी पंखा साफ करावा लागतो, तुमच्याकडे तर वाढ बाराही महिने. एक गोष्ट जोडतो: बुडावर शेवाळ असेल तर वेग थोडा मरतो, पण पंख्यावर टणक शिंपल्या असतील तर धक्काच नाहीसा होतो. पातं हे विमानाच्या पंखासारखं काम करतं, पृष्ठभाग खडबडीत झाला की पाणी त्याला धरून वाहत नाही. फेरे होतात, ताकद खर्च होते, बोट जागेवर. सगळं बूड नाही जमलं तरी आधी पंखाच करा.

उधाणवारा:

काम झालं. पंखा आणि बुडाचा मागचा निम्मा भाग. पाणबुड्याने वर आणून दाखवलं ते बघून धक्का बसला. पात्यांच्या मुळाशी बोटाच्या पेराएवढे बार्नेकल, एकावर एक चढलेले, आणि शाफ्टवर हिरव्या नायलॉनचं वितळलेलं कडं, इतकं टणक की करवतीने कापावं लागलं. झिंक जवळजवळ संपलं होतं, नवं बसवलं.

पुन्हा तीन फेऱ्या. पूर्ण थ्रॉटलला आता २८००, वेग ५.९. गोव्याला जाण्यापुरता प्रश्न सुटला असं घरचे म्हणतात. पण काळा धूर आहेच, आणि लिव्हर पूर्ण पुढे असताना फक्त २८००. पुढे काही नाही.

चीफसाहेब:

सुटलेला नाही, आणि जयगडच्या वाटेवर समोरून लाट आली की लगेच कळेल.

आकडे बघा. २८०० ला ५.९, म्हणजे घसरण पुन्हा ३९ टक्के. आरपीएम आणि वेग यांचं नातं गेल्या वर्षीसारखं झालं. म्हणजे पंखा, बूड, शाफ्ट यांचं प्रकरण संपलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ झालं. राहिला पहिला. २८०० ला स्वच्छ पंखा साधारण १२-१३ अश्वशक्ती घेतो. २७ चं इंजिन पूर्ण थ्रॉटलला तेवढीच देतंय आणि धुरकटतंय. निम्मी ताकद कुठेतरी अडकली आहे. गेल्या मोसमात तुम्ही २८०० वर चालवत होता, पूर्ण लिव्हर कधी टाकला नसावा. म्हणून हा दोष तेव्हाही असेल तर दिसला नसता.

डिझेल पुरतंय, हवा आत येतेय. मग जळलेली हवा बाहेर पडतेय का?

शिडाची_दोरी:

एक्झॉस्टचं मिक्सिंग एल्बो! उधाणवारा, मुरिंगवर बॅटरी चार्ज करायला इंजिन न्यूट्रलमध्ये चालवता का?

उधाणवारा:

हो ताई. दर आठवड्याला वॉचमन तासभर चालवतो. सोलर नाही.

शिडाची_दोरी:

मग तेच उघडा. एल्बोमध्ये इंजिनाचा गरम धूर आणि समुद्राचं थंड पाणी एकत्र येतं. बिनभाराचं थंड इंजिन अर्धवट जळलेली काजळी सोडतं. ती पाण्याचं मीठ आणि गंज यांच्यात मिसळून त्याच जागी थर धरते. तोंड आतून बारीक होत जातं, धूर मागे तुंबतो, सिलिंडरमध्ये जुना धूर उरतो आणि नव्या हवेला जागा राहत नाही. डिझेल पंप मात्र ठरलेलं डिझेल ओततच राहतो. काळा धूर इथून येतो.

बघायला सोपं. समुद्राच्या पाण्याचा सीकॉक (बुडातली झडप) बंद करा, एल्बोची रबरी नळी काढा, टॉर्च लावून आत बघा. पण नुसतं नळीच्या बाजूने बघून थांबू नका, थर बहुतेक वेळा वळणाच्या आत, पाणी शिरतं त्या भोकाच्या आसपास असतो. एल्बो मॅनिफोल्डवरून (सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणाऱ्या भागावरून) उतरवाच. नवं गॅस्केट आधी आणून ठेवा. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडा, तुटला तर मॅनिफोल्डमध्ये अडकेल.

चीफसाहेब:

सहमत. उतरवल्यावर हातोडीच्या दांड्याने हलके ठोकून बघा. आवाज खणखणीत हवा, बद्द आला तर भिंत आतून खाल्लेली आहे. आतली भिंत गेली तर पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून इंजिनात उतरू शकतं, बाहेरची गेली तर विषारी धूर केबिनमध्ये. असलं एल्बो साफ करून परत लावू नका, नवं घ्या. आणि मॅनिफोल्डचं तोंडही तपासा.

उधाणवारा:

फोटो खाली जोडलेत. बोल्ट एक सोडून सगळे सुटले, चौथ्याला गरम करावं लागलं.

आत काळा दगडी थर, चिरला तर पापुद्रे निघतात, मधे पांढरं मीठ. अंगठ्याहून मोठ्या नळीत करंगळी कशीबशी जाईल एवढं भोक उरलं होतं, तेही एका कडेला. भिंत एका जागी पातळ वाटली म्हणून साफ करत बसलो नाही, नवं मागवलं. मॅनिफोल्डमध्ये फक्त कोरडी काजळी होती, ती खरवडून काढली.

नवं एल्बो लावल्यावर गेटवेपासून प्राँग्ज दीपगृहाच्या दिशेने नेली. पूर्ण थ्रॉटलला ३४५०. वेग तीन फेऱ्यांचा ६.६. २८०० ला सहा नॉट, लिव्हर अजून बराच शिल्लक, मागे धूर नाही. पाण्याचं तापमान आधीपेक्षा दोन-तीन अंश कमी. नोझल आणि पंप जागेवरच आहेत, हात लावलेला नाही.

आता एकच विचारायचंय. ३६०० ऐवजी ३४५० येतात. पंख्याचं पिच इंचभर कमी करून घेऊ का?

वेंगुर्लेकर:

अभिनंदन! माझं मत, करून घ्या. इंजिन कमाल आरपीएमला पोचलंच पाहिजे, नाहीतर कायम जादा भाराखाली राहतं. अशा लहान पंख्याला इंचाला दीडशे-दोनशे आरपीएम मिळतात, तुमची तूट नेमकी तेवढीच आहे.

सोलेंटकर:

मी थांबेन. बुडाचा पुढचा निम्मा भाग अजून साफ व्हायचा आहे, बोट प्रवासाच्या तयारीने भरलेली आहे आणि हवा गरम आहे. तिन्ही गोष्टी आरपीएम खातात.

चीफसाहेब:

तत्त्व वेंगुर्लेकरांचं बरोबर, वेळ सोलेंटकरांची बरोबर. एका अर्धवट साफ बुडावर घेतलेल्या आकड्यावरून पंखा बदलायचा नसतो. पावसाळ्याआधी बोट वर घ्याल तेव्हा पूर्ण बूड साफ करून नवा अँटिफाउलिंग (शिंपल्या-शेवाळ रोखणारा) रंग द्या. उतरवल्यावर पहिल्याच आठवड्यात, टाक्या अर्ध्या असताना, पुन्हा पूर्ण थ्रॉटलचा आकडा घ्या. ३५५० च्या वर आला तर पंख्याला हात लावू नका. ३४५० वरच राहिला तर अर्धा-पाऊण इंच कमी करून घ्या, पूर्ण इंच नको. आत्ता गोव्याला जाताना २७०० ते ३००० मध्ये चालवा, तिथे इंजिनावर जादा भार नाही.

पंख्याला पॉलिश करून सिलिकॉनचा लेप द्यायचा असेल तर तेव्हाच द्या. पण तो लेप शिंपल्या मारत नाही, फक्त घट्ट धरू देत नाही. चालणाऱ्या बोटीवर त्या घसरून पडतात, उभ्या बोटीवर वाढतच राहतात.

शिडाची_दोरी:

आणि वॉचमनला न्यूट्रलमध्ये तासभर चालवायला सांगणं बंद करा. पन्नास-शंभर वॉटचं सोलर पॅनेल बॅटरीला पुरतं. इंजिन चालवायचंच तर मुरिंग सोडून गिअरमध्ये चालवा, आणि शेवटची पंधरा मिनिटं २८००-३००० वर न्या म्हणजे एक्झॉस्ट तापून काजळी जळेल. दर मोसमाला एल्बोची नळी काढून एकदा टॉर्च मारायचा.

सातपाटीकर:

दादा, खांदेरी बेटाच्या बाहेरून जाल तेव्हा डोलीच्या (प्रवाहात बांधून ठेवलेल्या जाळ्यांच्या) खुंटांपासून लांब राहा, भांगात जाळी पाण्याच्या वर दिसतात, उधाणात बुडतात. पंख्यात जाळं गेलं तर इंजिन लगेच बंद करा, उलटा गिअर टाकून सोडवायला जाऊ नका, आणखी घट्ट बसतं. नांगर टाका आणि आमच्यापैकी कुठल्याही बोटीला हात करा, कोणीतरी उतरून कापून देईल.

उधाणवारा:

नक्की. सोलर पॅनेल मागवलं आहे, मागच्या रेलिंगवर बसवतोय. पिचचं पावसाळ्यानंतर आकडे घेऊन याच धाग्यावर लिहीन.